गिरगावचं गिरगावपण नेमकं कशात? (चाळ पाडायच्या आधी एक वही लिहायची आहे)

जिन्याखालची खोली

नमस्कार मंडळी,

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चार मिनिटांवर आमची चाळ आहे. तळमजला आणि वर तीन मजले, लाकडी सांगाडा, रस्त्याकडे एक गॅलरी आणि वाडीकडे दुसरी. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत. दिवाळी झाली की खोल्या रिकाम्या करायच्या. मी लग्न होऊन मुलुंडला गेले त्याला २७ वर्षं झाली. आई मात्र अजून दुसऱ्या मजल्यावर, त्याच खोलीत आहे.

परवाच्या बैठकीत ठरलं की इमारत जाण्याआधी एक वही करायची. छापायची वगैरे नाही. हाताने लिहायची आणि प्रत्येक घराला एक झेरॉक्स द्यायची. हे काम माझ्याकडे आलं.

पहिली चार पानं लिहून आईला वाचून दाखवली. सार्वजनिक गणपती, टिळक, दार कायम उघडं, एकाच्या घरचं लग्न म्हणजे सगळ्या चाळीचं लग्न, असं सगळं होतं त्यात. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे कुठल्याही चाळीचं झालं. ह्यात गिरगाव कुठे आहे? आणि ह्यात आपण कुठे आहोत?"

तेव्हापासून लिहिणं थांबलंय. म्हणून इथे विचारते. गिरगाव ज्यामुळे गिरगाव झालं, ते नेमकं काय? इमारती, संस्था की माणसं? तुमच्या वाडीचं, गल्लीचं जे माहीत असेल ते सांगा. ऐकीव दंतकथा नको, ठोस काहीतरी हवं आहे.

फणसाचं झाड

सुरुवात नावांपासून करा. गिरगाव म्हणजे मलबार टेकडीच्या पायथ्याचं गाव, गिरीजवळचं ग्राम. आणि इथल्या वाड्यांची नावं वाचली तर आधी इथे काय होतं ते आपोआप कळतं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. 'भाट' म्हणजे लागवडीची जमीन, त्यावरून मुगभाट, बोरभाट, कोलभाट. वाडी म्हणजे मुळात नारळी-पोफळीची बाग. चाळी उठल्या त्या बागांच्या मापाने. म्हणून आमच्या गल्ल्या सरळ नाहीत, बागेचा बांध जिथे वळला तिथे त्याही वळतात. पाऊणशे घरांच्या वाडीला एकच तोंड का, ह्याचं उत्तर असं शेतीत आहे.

तुमच्या वहीचं पहिलं पान हे असू द्या. वाडीचा नकाशा हाताने काढा, विहीर कुठे होती ते दाखवा.

नुसता वाचक

वाचतोय. उत्तम धागा.

सात चौदाची लोकल

मी मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे भाबडा प्रश्न विचारतो. गिरगाव आणि गिरणगाव एकच ना? गिरण्यांच्या चाळी, संप वगैरे?

ट्रामची घंटा

@सात चौदाची लोकल, एक 'ण' आला आणि माणूस चार स्टेशनं पुढे गेला! गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, वरळी, भायखळा. तिथे गिरणी कामगार, पाळीचा भोंगा, १९८२चा संप. गिरगाव हे कारकुनांचं, शिक्षकांचं, छापखान्यातल्या जुळाऱ्यांचं, वकिलांचं, गवयांचं गाव. दोन्हीकडे कोकणातला माणूस, दोन्हीकडे चाळ. पण तिथला दिवस भोंग्यावर चालायचा आणि इथला लोकलच्या वेळापत्रकावर.

माझं वय ७८. गिरगाव रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणायची जिभेला सवय व्हायला वेळ लागला. त्या रस्त्यावरून ट्राम जायची. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ साली आणि शेवटची धावली ३१ मार्च १९६४ला. मी तेव्हा शाळेत होतो. रूळ रस्त्यात बरीच वर्षं होते आणि पावसाळ्यात सायकलचं चाक त्यात हमखास अडकायचं.

संस्थांविषयी विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत काय काय घडलं ते पाहा. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याचं मंदिर इथलं, आणि आज बसचा थांबासुद्धा त्याच नावाचा आहे. १८७५ साली स्वामी दयानंदांनी आर्य समाज स्थापला तोही गिरगावात. १८७९ साली मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट अमेरिकेहून मुंबईत उतरले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचं बिऱ्हाड थाटलं गिरगावच्या मागच्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल रोडवर. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. टिळक तिथे १९०१ साली येऊन गेले. शांतारामाच्या चाळीच्या पटांगणात होमरूलच्या सभा भरायच्या. १९१३च्या ३ मे रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तो सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये, आणि १९३१च्या १४ मार्चला 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट लागला तो मॅजेस्टिकमध्ये. त्या थिएटरच्या जागी आता शॉपिंग सेंटर उभं आहे.

मूर्तिपूजा नाकारणारे दोन समाज आणि सार्वजनिक गणपती, सगळे एकाच वस्तीत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. वाद घालायला कुणाला लांब जावंच लागत नव्हतं. माझ्या मते गिरगावपण असेल तर ह्यात आहे.

तिसरी गल्ली

ट्रामकाका, प्रतिसाद जपून ठेवलाय. भर घालतो: १९२३ला सुरू झालेलं दैनिक 'नवाकाळ' खाडिलकर रस्त्यावरचं. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा, डॉ. अ. ना. भालेरावांनी उभा केलेला, केळेवाडीतलं त्यांचं नाट्यगृह १९६४चं. मौज प्रकाशनाचा छापखाना खटाववाडीत. देवधर मास्तरांची संगीत शाळा ऑपेरा हाऊसपाशी, १९२५पासूनची. लिहिणारा, छापणारा, विकणारा आणि वाचून नावं ठेवणारा असे चौघे एका गल्लीत राहत होते. लेखकाला मुद्रितं तपासायला पायीच जाता यायचं. हे फार मोठं कारण आहे, लोक ते विसरतात.

दोन बादल्या

सगळं वाचलं. सगळं खरं आहे, आणि अभिमान मलाही आहे. पण मला एक विचारू द्या. ह्या इतिहासात पाणी कुणी भरलं?

मी मुगभाटात वाढले. १० बाय १२ची खोली, आम्ही माणसं नऊ. नळाला पाणी पहाटे चार ते साडेपाच. मजल्याला एक नळ, पाळी लावलेली. आजी साडेतीनला उठून बादल्या रांगेत ठेवायची. मजल्याच्या टोकाला चार संडास, त्यातल्या एकाची कडी वर्षानुवर्षं मोडलेली. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मी बाहेर उभी राहून आईसाठी दार धरायचे, मग माझ्यासाठी धाकटी बहीण धरायची. रात्री पुरुष गॅलरीत, गच्चीवर झोपायचे म्हणून आम्ही आत मावायचो. बारा महिने अंग पुसून मोरीत कपडे बदलायचे, पडद्याआड. मोठ्या काकाचं लग्न झालं तेव्हा नवरा-बायकोला एकांत मिळावा म्हणून सगळं घर दर शनिवारी रात्री चौपाटीवर जाऊन बसायचं. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. काकूला काय वाटत असेल, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं.

"दार कायम उघडं" हे छान वाटतं लिहायला. बंद करता येत नव्हतं म्हणून उघडं होतं. वहीत हेही लिहा.

मोगऱ्याची वेणी

+१. दोन बादल्या, रडू आलं. आमच्याकडेही चौपाटीच.

खोताच्या वाडीतला

नमस्कार. मी इथे वाचत असतो, लिहितो कमी.

चाळीच्या गिरगावाशेजारी आमचंही गिरगाव आहे. खोताची वाडी. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांची ही जमीन, त्यांनी तिचे तुकडे आमच्या लोकांना विकले. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच, उत्तर कोकणातले मराठी बोलणारे ख्रिस्ती. ते नाव आम्ही १८८७ साली घेतलं, कारण गोव्याहून, मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिस्त्यांत आणि आमच्यात सरकारला फरक कळेना. पुढे लाकडी व्हरांडा, बाहेरून चढणारा जिना, वर कौलं अशी आमची घरं. एके काळी साठाहून जास्त होती, आज त्याच्या निम्मीही उरली नाहीत.

तुमच्या गणपतीची मिरवणूक आमच्या क्रूसापुढून जाते आणि क्रूसाच्या नोव्हेनाला तुमच्या चाळीतल्या बायका मेणबत्त्या लावून जातात. माझी आजी गौरीच्या दिवशी शेजारच्या वाडीतून आलेला घावन-घाटल्याचा डबा ख्रिसमसला कलकल (आमचा गोड फराळ) भरून परत करायची. अनंताश्रम ही खानावळ बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतली दुपार एकदम मुकी झाली. माशांच्या वासानेच आम्हांला कळायचं बारा वाजले.

गिरगाव म्हणजे मराठी ब्राह्मणी गाव असं जे लोक सरसकट म्हणतात, त्याने मला वाईट वाटतं. बसचा कंडक्टर आजही "चर्च, चर्च" ओरडतो ना?

भुलेश्वरवाली

@खोताच्या वाडीतला, अगदी मनातलं लिहिलंत. मी चौथ्या पिढीची गिरगावकर, घरी गुजराती, शाळा मराठी. आम्हांला "बाहेरचे" म्हणतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

एक गोष्ट वहीसाठी देते. १५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची. सात बायका पापड लाटायला बसल्या, भांडवल उसने आणलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हेच पुढे लिज्जत. चाळीच्या गच्चीवर ऊन होतं आणि दुपारी दोन ते चार बायकांचे हात मोकळे होते, म्हणून ते झालं. टिळक आणि फाळक्यांइतकंच हेही गिरगाव आहे.

ट्रामची घंटा

@भुलेश्वरवाली, मान्य. माझ्या यादीत एकही बाई नव्हती, हे तुम्ही आणि दोन बादल्या यांनी लक्षात आणून दिलंत. (ब्लाव्हाट्स्की सोडून, पण त्यांनी नळावर पाणी भरलं नसावं.)

कोलभाट

अवांतर: चर्नी रोडचं नाव कसं पडलं यावर घरात भांडण झालंय, निकाल लावा. बाबा म्हणतात गुरं चरायची म्हणून.

फणसाचं झाड

दोन्ही बाजूंना माणसं आहेत. चरण्याची गोष्ट अशी: इंग्रजांनी मैदानावर गुरं चारायला फी बसवली, गरीब गवळ्यांना ती परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी २० हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ जमीन घेतली आणि चराई फुकट केली. दुसरं मत असं की ठाण्याच्या चेंदणी गावचे लोक इथे वस्तीला आले आणि चेंदणीचं चर्नी झालं. आमच्या वाडीत पहिली गोष्ट सांगतात, कारण ती ऐकायला गोड आहे. मला दुसरीही पटते. माणसं येताना गावाचं नाव बरोबर आणतातच.

कोलभाट

म्हणजे भांडण चालूच राहणार. धन्यवाद :)

सात चौदाची लोकल

खाण्याचं कुणीच कसं बोलत नाही? मी ऑफिसातून खास विनयची मिसळ खायला ठाकूरद्वारला उतरायचो.

तिसरी गल्ली

धागा मिसळीवर गेला की परत येत नाही, असा अनुभव आहे. वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. वीरकरांच्या थालीपिठासकट.

मोजपट्टी

पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती तपासण्यात वीस वर्षं गेली. चाळी का पडल्या ह्यावर बोललं पाहिजे, कारण "बिल्डरने खाल्लं" इतकंच म्हणून आपण मोकळे होतो.

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं, नाहीतर कारकुनाला गिरगावात राहताच आलं नसतं. तुमचे सगळे लेखक, मास्तर, गवई त्या भाड्यामुळे टिकले. पण तात्पुरता म्हणून आणलेला तो कायदा वाढत वाढत १९९९पर्यंत आला. मालकाला महिन्याला खोलीमागे वीस-तीस रुपये मिळायचे. त्यात तो सागाच्या तुळया कशाला बदलेल? म्हणून खोलीचे हात बदलताना पागडी, म्हणजे भाड्याच्या हक्कासाठी एकरकमी पैसे, आली. ती आधी चोरटी होती, १९९९च्या कायद्याने उघड झाली. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर (जादा कर) आला, तेव्हा बेटावर अशा सुमारे १९ हजार इमारती होत्या. दुरुस्ती मंडळ टेकू लावायचं, टेकूला टेकू लावायचं.

संडासाच्या बाजूची तुळई सगळ्यात आधी जाते. लाकूड वरून धडधाकट दिसतं, आत हात घातला की भुसा. मी अशा गॅलरीत उभं राहून लोकांना सांगितलंय की पावसाळ्याआधी निघा. आणि लोक निघत नाहीत, कारण संक्रमण शिबिरात गेलेलं शेजारचं कुटुंब वीस वर्षांनी अजून तिथेच आहे. त्यांचं चुकत नाही.

धागाकर्त्या ताईंना एक सांगतो. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली, म्हणजे उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, ५१ टक्के संमती लागते आणि जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र. जागा मिळेल, पण नव्या इमारतीच्या लिफ्टचा, पंपाचा, रंगाचा महिन्याचा खर्च कोण भरणार, त्यासाठी ठेव किती, हे करारात आहे ना? आईंसारख्या पेन्शनवरच्या माणसाला घर मिळतं आणि देखभालीच्या बिलापायी विकून जावं लागतं. गिरगाव रिकामं होतंय ते जास्त करून असं.

जिन्याखालची खोली

@मोजपट्टी, मनापासून आभार. ठेवीचं कलम आहे, पण आकडा कोरा आहे. सोमवारीच विचारते.

@दोन बादल्या, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमची पाळी पावणेपाचची होती."

गल्लीचं तोंड

आता एक कडू बोलतो. नव्या टॉवरमध्ये मासे-मटण खाणाऱ्याला घर विकत नाहीत. एका बिल्डरच्या ऑफिसात मला आडनाव विचारलं आणि खाणं विचारलं. ज्या गल्लीत माझा जन्म झाला त्या गल्लीत. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून ह्याच गिरगावातली पोरं रस्त्यावर उतरली होती. माझे आजोबा महिनाभर आत होते. त्यांच्या नातवाला पापलेटामुळे घर नाकारलं. गिरगावपण कशात म्हणता?

भुलेश्वरवाली

तुमच्या बाबतीत झालं ते अन्याय आहे, आणि हे मी शाकाहारी घरातली म्हणून जास्त जोराने म्हणते.

रिकामी पाटी

@गल्लीचं तोंड, तुमचा राग योग्य आहे. पण आडनाव विचारायची रीत टॉवरने आणली का?

माझ्या पणजोबांना १९३०च्या सुमारास गिरगावात खोली हवी होती. महापालिकेत पक्की नोकरी, हातात भाडं. चाळींच्या तोंडाशी पाट्याच होत्या, कुणाला मिळेल आणि कुणाला नाही. ही चाळ ब्राह्मणांची, ती सारस्वतांची, पलीकडची प्रभूंची. जातीच्या नावाने घर मिळणं ही इथली व्यवस्थाच होती. १९१५ साली गामदेवीत पहिली सहकारी गृहनिर्माण सोसायटी झाली तीही एका समाजापुरती. पणजोबांना खोली मिळाली नाही. आमचं घर शेवटी नायगावला झालं.

पण आमच्यातली माणसं गिरगावच्या चाळींत रोज येत होती. जुन्या चाळींच्या मागे लोखंडी गोल जिना असतो, तो पाहिलाय ना तुम्ही? फोटो काढतात लोक त्याचा आता. तो संडास साफ करायला येणाऱ्यांसाठी होता, त्यांनी पुढच्या जिन्याने चढू नये म्हणून. माझी पणजी तो जिना चढायची. जिथे तिच्या नवऱ्याला खोली नाकारली, त्याच वस्तीत.

मी कुणाला दोष द्यायला आलो नाही. गिरगावातली ग्रंथालयं, नाटकं, सभा ह्यांनी मलाही घडवलंय, साहित्य संघात मी स्वतः काम केलंय. पण वही लिहिताय, तर मागचा जिनाही नकाशात दाखवा.

गल्लीचं तोंड

@रिकामी पाटी, दोनदा वाचलं. तुमचं बरोबर आहे. मला नाकारलं तेव्हा जे वाटलं, ते तुमच्या पणजोबांना आमच्याच दारात वाटलं असणार. हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

ट्रामची घंटा

आमच्या चाळीला तो जिना होता. मी त्यावरून लपाछपी खेळायला उतरलो म्हणून मार खाल्लाय. मार का, हे तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. रिकामी पाटी, तुम्ही लिहिलंत म्हणून आज विचारतोय. आभार.

मोगऱ्याची वेणी

ह्या प्रतिसादांनंतर हलकं काही लिहावं की नाही कळत नव्हतं. पण वहीसाठी म्हणून देते: पी.पी. नंबर. आमच्या चाळीत फोन एकच, पहिल्या मजल्यावर वकिलांकडे. वीस बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, अर्जांवर, पार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तोच नंबर, पुढे कंसात पी.पी. वकिलीणबाई गॅलरीतून वर तोंड करून हाक मारायच्या. हाकेच्या सुरावरून कळायचं, नोकरीचं आहे की गावाकडचं वाईट काही. माझ्या दहावीच्या निकालाची हाक अजून कानात आहे.

सात चौदाची लोकल

आमच्याकडे डोंबिवलीतही पी.पी. होता. त्या वकिलीणबाईंना फोनचा खर्च कोण द्यायचं?

मोगऱ्याची वेणी

कुणीच नाही. दिवाळीला प्रत्येक घरून फराळाचं ताट जायचं. वीस ताटं. कार्तिकीपर्यंत त्यांच्याकडे चकल्या असायच्या.

तिसरी गल्ली

परवा मेट्रोने आलो. २०२५च्या ऑक्टोबरात गिरगाव स्टेशन सुरू झालं, आता आरेहून थेट येता येतं. सरकत्या जिन्याने वर आलो आणि क्षणभर कळेना आपण कुठे आहोत. ज्या इमारती बघून मी दिशा ओळखायचो त्या स्टेशनसाठी गेल्या. मग फोडणीचा वास आला आणि डावीकडे वळलो.

मेट्रोचा राग नाही माझा. गिरगाव सोडून गेलेली मुलं पाडव्याला शोभायात्रेत फेटे बांधून येतात, ती आता लवकर पोचतात. पण फडके मंदिरापाशी यात्रा सुरू होताना आजूबाजूला पाहिलं की अर्धे लोक विरार-बदलापूरचे निघतात.

फणसाचं झाड

@जिन्याखालची खोली, वही कुठवर आली? धागा शंभर वाटांनी गेला, पण तुम्ही गप्प आहात.

जिन्याखालची खोली

गप्प नव्हते. लिहीत होते.

आधीची चार पानं बाजूला ठेवली. तुमचं सगळं वाचून मी आईसमोर कोरी वही घेऊन बसले आणि म्हटलं, खोली क्रमांक एकपासून सांग. कोण राहायचं, कुठून आले, काय करायचे, कधी गेले, कुठे गेले. तीन दुपारी लागल्या. आमच्या चाळीत २४ खोल्या. खोली तीनमध्ये छापखान्यात खिळे जुळवणारे दोघे भाऊ, त्यांना उलटं वाचायची सवय, पोरांची पाटी समोरून वाचून चुका काढायचे. नऊमध्ये प्रसूतिगृहातली नर्स, एकटी राहायची, तिच्याविषयी लोक नाही नाही ते बोलायचे, आणि चाळीतली अकरा मुलं तिच्या हातावर जन्मली. चौदामध्ये एक कुटुंब आलं ते १९५६च्या धामधुमीत, सामान अर्धं रस्त्यात ठेवून. आई तेव्हा परकरी पोर होती, तिला त्यांची लाल पेटी आठवते.

नळाच्या पाळीचा तक्ता तिने तोंडपाठ सांगितला. चोवीसच्या चोवीस वेळा. तो पहिल्या पानावर घेतलाय. त्याच्यासमोर नकाशा, फणसाचं झाड म्हणाले तसा, विहिरीसकट. आणि मागचा जिनाही आहे त्यात. तो जिना कोण चढायचं हे आईला विचारलं. तिला दोन बायका आठवतात. एकीच्या हातात चांदीचं कडं होतं. नाव तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तसंच लिहिलंय: "नाव आम्ही विचारलं नाही."

आणखी एक जागा रिकामी आहे, ती मला भरायची आहे. माझ्या टोपणनावातली जिन्याखालची खोली. तिथे एक विधवा बाई राहायच्या, एकट्या, साधारण १९६० ते १९८३. बारा-पंधरा ऑफिसवाल्यांना जेवणाचे डबे करायच्या. मी शाळेतून आले की मला गरम पोळीवर गूळ ठेवून द्यायच्या. सगळी चाळ त्यांना "डब्यावाल्या काकू" म्हणायची. त्या रत्नागिरीकडच्या, एवढंच कळलं. भाडेपावतीवर नाव त्यांच्या दिराचं. आईला नाव आठवत नाही, आणि त्याचं तिला इतकं लागलंय की काल ती जेवली नाही. ठाकूरद्वार नाक्याच्या आसपासचं कुणी आहे का, ज्यांच्या घरी त्यांचा डबा यायचा?

दोन बादल्या

माझी मावशी तेव्हा ठाकूरद्वारला एका बँकेत होती, बिनलग्नाची, जागेला एकटी. १९७०पासून तिला डबा यायचा तो एका जिन्याखालच्या खोलीतून. आत्ता तिला फोन केला. म्हणाली, गुरुवारी त्या डब्यात शेवग्याच्या शेंगांची आमटी असायची आणि डब्याच्या झाकणावर टाचणीने नाव कोरलेलं होतं. डबा तिच्याकडे आहे, माळ्यावर.

मावशी ८८ वर्षांची आहे, मुगभाटातच असते. रविवारी आईंना घेऊन या. चारनंतर या, त्याआधी ती झोपते. मी दुपारीच जाऊन माळ्यावरून डबा काढून ठेवते.